पैसे नको पाठवू, फोन उचल

बरं झालं बाई, तूच विषय काढलास. पहिला पगार झाला, मायला साडी झाली, बाबांचा चष्मा झाला. आता तुझ्या मनात आलंय की आपण शिष्यवृत्तीवर शिकलो, तेव्हा कॉलेजला पाच हजार देऊन टाकावेत. दे ना, कोण नाही म्हणतंय. पण मला विचारशील तर सध्या ते तुझ्याच खात्यात राहू दे. पेट्रोलला आणि झेरॉक्सला लागतील, कारण मी तुझ्या गळ्यात दोन पोरी बांधायच्या म्हणते आहे. एक अर्जुनी मोरगावकडची, एक एटापल्लीची. दोघी यंदाच नागपुरात आल्यात, दोघींच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेलं दुसरं कुणी नाही.

लगेच घाबरू नको. तुला त्यांना शिकवायचं नाहीये. शिकवायला कॉलेज आहे, आणि त्या अभ्यासात तुझ्यापेक्षा हुशार असतील तर तेही कबूल करून टाकायचं. तुला फक्त ते सांगायचंय जे त्यांच्या घरात कुणालाच माहीत नाही.

धरमपेठेतल्या प्राध्यापकाच्या मुलीचं बघ. तिला कुणी मुद्दाम बसवून काही सांगत नाही. जेवताना बाप बोलतो, काका फोनवर बोलतो, आत्येभाऊ सुटीत बंगलोरहून येतो. कोणत्या परीक्षेचा अर्ज कधी निघतो, कोणत्या सरांचं शिफारसपत्र चालतं, कुठल्या कोर्सचं नाव मोठं असून आत काही नाही, हे सगळं तिच्या कानावर आपोआप पडत राहतं. आपल्या घरी जीव लावणारी माणसं होती, स्वतः अर्धपोटी राहून बसच्या पासाला पैसे देणारी माणसं होती. पण फ्रीशिप आणि स्कॉलरशिप यात काय फरक, हे सांगणारं कोण होतं? माय म्हणायची, "तुला जे बरं वाटते ते कर बाई." बरं काय असतं हेच ठाऊक नसलं की त्या मोकळीकीचं काय करायचं?

म्हणून मी म्हणते, पैसा नंतर. पहिलं वर्ष माहितीवर निभतं.

आता कामाचं बोलू. त्या पोरींना भेटलीस की लगेच स्वप्नंबिप्नं विचारत बसू नको. आधी कागद बघ. जातीचा दाखला आहे का, जात वैधता आहे का की फक्त जात पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती आहे, उत्पन्नाचा दाखला यंदाचा आहे का, ओबीसी किंवा भटक्या-विमुक्तांतली असेल तर नॉन-क्रिमिलेयर आहे का, मध्ये एक वर्ष घरी बसली असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र आहे का. आणि बँक खातं आधारशी जोडलंय का. नुसतं 'जोडलंय' म्हणाली तर विश्वास ठेवू नको. बँकेत केवायसीला आधार देणं वेगळं आणि सरकारी पैसे त्याच खात्यात पडतील अशी जोडणी होणं वेगळं. गावच्या पतसंस्थेतलं नाही तर आईबरोबरचं जुनं खातं निघतं, आणि पैसे कुठं अडकले ते कुणालाच कळत नाही.

मग महाडीबीटी, शिष्यवृत्तीच्या अर्जाचं सरकारी पोर्टल. अर्ज भरला म्हणजे झालं असं पोरींना वाटतं. तो आधी कॉलेजच्या बाबूंच्या लॉगिनला जातो, तिथून प्रवर्गाप्रमाणे समाजकल्याणकडे किंवा त्या त्या खात्याकडे. एखादा कागद अस्पष्ट दिसला की परत पाठवतात. 'सेंट बॅक' असं दोन शब्दांत लिहून येतं आणि तो मेसेज ज्या नंबरवर जातो तो नंबर गावाकडे भावाच्या फोनमध्ये असतो. तेव्हा दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून स्टेटस बघायची सवय लाव. दुसऱ्या वर्षी रिन्यूअल असतं, ते आपोआप होत नाही, हेही आत्ताच सांगून ठेव.

अजून एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि बोलायला अवघड आहे. अनुसूचित जातीच्या मुलांच्या भारत सरकार शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातली फी मुलीनंच कॉलेजात नेऊन भरायची असते. आता विचार कर, जुलै-ऑगस्टात घरी खताला पैसे नाहीत, बापानं सावकाराकडे शब्द टाकलाय, आणि पोरीच्या खात्यात एकदम वीस-पंचवीस हजार दिसतात. ती काय करेल? ती घरी पाठवेल, आणि तिला चूक म्हणायची माझी तरी हिंमत नाही. पण मग कॉलेज परीक्षेचा फॉर्म अडवतं. हे असं होऊ शकतं हे पैसे यायच्या आधी, दिवाळीत घरी जाण्याच्याही आधी, तिच्याशी आणि जमलं तर तिच्या बापाशी फोनवर बोलून घ्यायचं. 'काका, हा पैसा कॉलेजचा आहे, पोरीच्या हातातून फक्त जाऊन राहिला,' एवढंच. आपल्याकडचा बाप हे समजतो. त्याला कुणी सांगत नाही, एवढंच.

राहण्याचं बघ. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून बॅग घेऊन गावाला परतलेल्या पोरी आहेत. त्यांच्यासाठी योजना आहेत, पण प्रत्येक प्रवर्गाची वेगळी. अनुसूचित जातीसाठी स्वाधार, आदिवासी मुलींसाठी स्वयम्, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. जेवण, भाडं, वरखर्च धरून नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळू शकतात. आणि २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी घरातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिक्षण शुल्कमाफी आहे. ही बातमी पेपरात येऊन गेली, तरी कॉलेजच्या खिडकीवर पूर्ण फी मागितली की पोरगी गुपचूप भरते, कारण 'मला माफी आहे' असं मोठ्यानं म्हणायला तिला बाजूला कुणीतरी उभं लागतं. ते कुणीतरी तू.

तू म्हणशील, ताई, ही तर एजंटगिरी झाली. मेंटॉर म्हणजे काही तरी मोठं असेल ना. मोठं पुढे येतं. कॉलेजांत कागदावर मेंटॉर असतातच की. नॅककडून कॉलेजचं मूल्यांकन व्हायचं असलं की प्रत्येक सरांच्या नावापुढे पन्नास-साठ मुलांची यादी लागते, सह्या होतात, फाइल बंद. सर वाईट नसतात, साठ जणांना पुरणार कसे? तुझ्याकडे दोघीच आहेत. तुझं बळ ह्या दोनच्या आकड्यात आहे, म्हणून तिसरी कुणी 'मला पण' म्हणाली तर यंदा नाही म्हण आणि दुसऱ्या कुणाकडे पाठव.

मी हे काही शोधून काढलेलं नाही. आपल्या विदर्भात हे होऊन राहिलंय. राजू केंद्रेंचं नाव तू ऐकलं असशील. बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातलं पिंपरी खंदारे हे त्यांचं गाव, भटक्या समाजातलं घर, शिकणारी पहिली पिढी. पदवी मुक्त विद्यापीठातून, मग तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, आणि २०२१ साली चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला. पुढच्या वर्षी फोर्ब्सच्या तिशीच्या आतल्या तिसांच्या यादीत नाव आलं, त्याचं खूप कौतुक झालं. मला कौतुक त्याच्या आधीचं आहे. लंडनला जायच्या आधीच त्यांनी 'एकलव्य' ही संस्था उभी केली होती. यवतमाळ, वर्धा भागातल्या खेड्यापाड्यांतली पोरं गोळा करायची आणि त्यांच्यासमोर टाटा संस्था, अझीम प्रेमजी विद्यापीठ, जेएनयू अशा ठिकाणी पोचलेली त्यांच्यासारखीच पोरं उभी करायची. प्रवेशपरीक्षा कशी असते, अर्जातला निबंध कसा लिहायचा, मुलाखतीत इंग्रजी अडलं तर काय करायचं. सांगणारा वयानं तीन-चार वर्षांनी मोठा, बोली तीच, गाव शेजारच्या तालुक्यातलं. पोराला वाटतं, हा गेला तर मी का नाही. मोठ्या साहेबाच्या भाषणानं असं वाटत नाही, कितीही चांगलं बोलला तरी.

मुलींसाठी दुसरं एक उदाहरण आहे. लीला पूनावाला फाउंडेशन. अल्फा लावल कंपनीच्या प्रमुखपदी पोचलेल्या लीलाताईंनी १९९५ साली पुण्यात ते सुरू केलं, नंतर ते वर्धा, अमरावती, नागपूरकडेही आलं. त्यांच्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या मुलींना 'लीला गर्ल्स' म्हणतात, आणि मोठ्या लीला गर्ल्सनी धाकट्यांचा हात धरायचा ही तिथली रीत. मला त्यातलं आवडतं ते हे की चेक हातात दिला आणि काम संपलं, असं ते मानत नाहीत. इंग्रजी, संगणक, मुलाखत, चारचौघांत बोलणं, हे सगळं शिष्यवृत्तीचाच भाग धरतात.

आणि आणखी मागे जायचं तर आपल्या नागपूरची जाईबाई चौधरी. तुझ्या शाळेच्या पुस्तकात नव्हती, माझ्याही नव्हती. १८९२ चा जन्म, उमरेडची. नागपूर आणि कामठीच्या स्टेशनांमध्ये लोकांची ओझी डोक्यावर वाहायची. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी हे पाहिलं, तिला मिशनच्या शाळेत शिक्षिकेचं काम मिळवून दिलं, महिना चार रुपये. ती महार आहे हे कळल्यावर लोकांनी पोरं पाठवणं बंद केलं आणि तिला ते काम सोडावं लागलं. मग तिनं काय केलं? १९२० च्या दशकात नागपुरातच संत चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली. हमाली करणाऱ्या बाईच्या हातात कुणीतरी अक्षर दिलं, ते तिनं वस्तीतल्या पोरींना नेऊन दिलं. इंदोऱ्यावरून जाताना मला तिची आठवण येते. शंभर वर्षं होऊन गेली की बाई, आणि आपल्याला अजून वाटतं की आपण काही नवं करतोय.

आता तुझ्या मनातल्या त्या 'फेडायच्या' गोष्टीकडे येते. तू तो शब्द दोनदा बोललीस म्हणून सांगते. बाबासाहेबांचं बडोद्याचं आठव. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबियाला पाठवलं, तीन वर्षं, महिन्याला साडेअकरा पौंड. करारात होतं की परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. १९१७ साली ते बडोद्याला गेलेही. पण ऑफिसात शिपाई फायली लांबून टाकायचे, राहायला घर मिळेना, पारशी खानावळीतून लाठ्या घेऊन हाकललं. करार पाळता आला नाही, पाळू दिला नाही म्हण. मग ते कर्ज बुडालं का? १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी जोर लावला आणि १९४४ साली अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. तीच बाई, जी तुझ्या खात्यात दरवर्षी उशिरा यायची, जिला आपण 'जीओआय', म्हणजे भारत सरकारची, म्हणून शिव्या घालायचो. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, पुढच्या वर्षी मुंबईला सिद्धार्थ कॉलेज, १९५० साली औरंगाबादला मिलिंद. गायकवाडांचं देणं गायकवाडांच्या तिजोरीत परत गेलं नाही, ते कुणाकुणाच्या घरात गेलं याचा हिशेबच लागणार नाही. आपल्या घरातही आलं.

तेव्हा 'मी समाजाचं देणं लागते' म्हणून खांदे पाडून त्या पोरींपुढे जाऊ नको. सरकारनं तुझ्यावर उपकार केले नाहीत, तो तुझा हक्क होता. उपकारानं दबलेली माणसं पुढे जाऊन दुसऱ्यांवर उपकार करायला लागतात, हे मी पाहिलंय, आणि ते फार वाईट दिसतं. 'मी नाही का तीन वर्षं एका वेळच्या डब्यावर काढली, तुम्ही आजकालच्या पोरी...' असं एकदा तोंडातून निघालं की समज, तू मेंटॉर राहिली नाहीस, सासू झालीस.

काही गोष्टी आधीच ठरवून घे. पैसे उसने द्यायचे नाहीत. कोरडं वाटतं, पण ऐक. तू पैसे दिलेस की पुढच्या वेळी पोरगी तुझा फोन टाळेल, आणि फोन हाच तर आपला सगळा धंदा आहे. परीक्षा फी अगदीच अडली तर सरळ देऊन टाक, परत मागू नको, आणि तेही एकदाच. नाही तर कॉलेजचा विद्यार्थी कल्याण निधी असतो, त्याचा अर्ज तिच्याकडून लिहून घे. मराठीत लिहिलेला चालतो. लिहिता लिहिता तिला अर्ज येईल, आणि तो जन्मभर पुरेल.

ती रडेल. पहिल्या सत्राच्या निकालानंतर नक्की रडेल, कारण गावात पहिली येणारी इथं चाळिसावी येते. तेव्हा 'काही होत नाही ग' म्हणू नको, तिला होतंय. दोन विषय कुठले राहिले, त्यात लॅबचे मार्क किती, बॅकलॉग कधी निघतो, हे कागदावर मांडायला बस. नव्या शैक्षणिक धोरणानंतर क्रेडिट, मेजर, मायनर ह्याचा एवढा गोंधळ आहे की शिक्षकांनाही विचारून विचारून सांगावं लागतं. तुला ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हण, आणि दुसऱ्या दिवशी विचारून सांग. पण रडणं महिना महिना थांबत नसेल, जेवण सुटलं असेल, जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं बोलत असेल, तर ते तुझं काम नाही. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर तिच्यासमोर लावून दे, सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत स्वतः घेऊन जा, वॉर्डनला कळव. तिथं 'कुणाला सांगू नको ताई' हा शब्द पाळायचा नाही.

जातीचं ती बोलेल किंवा नाही बोलणार. नागपुरात पहिल्या भेटीत लोक पूर्ण नाव विचारतात, का विचारतात हे तुलाही माहीत आहे, मलाही. भाड्याची खोली बघायला गेल्यावर तर फारच गोड आवाजात विचारतात. तिला हे आधीच सांगून घाबरवू नको, पण ती बोलली तर 'तुला असं वाटलं असेल' म्हणून पुसून टाकू नको. तुझ्याशी काय झालं होतं ते सांग. कुणी शिष्यवृत्तीवरून टोमणा मारला, तर कुणाकडे आणि कसं लेखी द्यायचं तेही सांग. प्रत्येक कॉलेजात समान संधी कक्ष असायला हवा. असेल तर त्याचं दार कुठंय हे आधी तू शोधून ठेव, कारण पाटी नेहमी जिन्याखाली असते.

आणि कृपा करून दोघींना एमपीएससीला बसवू नको. आपल्याकडे हुशार पोर दिसली की लगेच 'कलेक्टर होणार' म्हणतात, आणि पोर सात वर्षं त्या अभ्यासिकेत म्हातारी होते. एटापल्लीच्या पोरीला जंगलातल्या झाडांची इतकी माहिती आहे की मी थक्क झाले, आणि ती स्वतः म्हणते ते काही ज्ञान नाही, घरचंच आहे. तिला एकदा वनस्पतीशास्त्राच्या सरांसमोर नुसतं बोलू दे. परदेशाचंही बोलून ठेव. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती २००३ पासून आहे, वर्षाला पंचाहत्तर जणांना. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती तर १९५४-५५ पासूनची आहे, आणि तिच्यात भटक्या जमाती आणि भूमिहीन शेतमजुरांची मुलंही बसतात. पहिल्याच वर्षी सांगून काय होणार, असं वाटतं ना? तिसऱ्या वर्षी सांगितलं तर तोवर मार्क घसरलेले असतात, पासपोर्ट नसतो, आणि दाखल्यावरचं आईचं नाव आधारवरच्या नावाशी जुळत नसतं. नावाची दुरुस्ती आत्ता सुरू केली तर वेळेत होते.

या सगळ्याच्या बदल्यात तुला काय मिळणार, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असेल. बहुतेक वेळा काही नाही. नोकरी लागली की पेढे घेऊन येतील किंवा येणारही नाहीत. एक पोरगी माझा नंबर 'फॉर्मवाल्या ताई' म्हणून सेव्ह करून ठेवते हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. मला काही वाईट वाटलं नाही, उलट बरोबरच वाटलं. मात्र त्यांना एक अट पहिल्याच दिवशी घाल, 'तू तिसऱ्या वर्षाला गेलीस की पहिल्या वर्षाच्या एकीचा फॉर्म तू भरून द्यायचा.' नोकरी लागेपर्यंत थांबायचं नाही. थांबल्या की नोकरी, लग्न, पुणे, सगळं मध्ये येतं आणि मग पाच हजार पाठवायची इच्छा होते, जशी तुला झाली.

रविवारी सकाळी ये. आधी तर्री पोहे खाऊ, मग सीताबर्डीवर त्या दोघींना भेटू. लॅपटॉप आण, माझा गरम होऊन बंद पडून राहिला. अर्जुनीच्या पोरीचा अर्ज परत आलाय, उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो तिरपा पडला म्हणे. तिला म्हटलंय, मूळ दाखला घेऊन ये, यावेळी आपण दुकानात नीट स्कॅन करून घेऊ.